बाळासाठी फळांचे पॅनकेक: या चुका टाळा

बाळाच्या पॅनकेकची बहुतेक फजिती एकाच गोष्टीतून होते. आपण मोठ्यांचाच पॅनकेक छोट्या आकारात करायला जातो. मोठ्यांना तो फुगलेला, गोड आणि कडेला कुरकुरीत लागतो. सहा-सात महिन्यांच्या बाळाला यातलं काहीच नको असतं. त्याला हिरड्यांनी दाबलं की मोडणारा, टाळूला न चिकटणारा आणि मुठीत धरता येईल असा तुकडा पुरतो.

आता घाईबद्दल. वरचं खाणं साधारण सहा महिने पूर्ण झाल्यावर सुरू करावं, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. पण नुसतं कॅलेंडर बघून चालत नाही. मान नीट सावरते का, आधाराने बसता येतं का, वस्तू स्वतः तोंडाकडे नेतं का, आणि तोंडात घातलेलं जिभेने बाहेर ढकलणं कमी झालंय का, हे बघा. यातलं काही अजून जमत नसेल तर पॅनकेक थांबू शकतो.

आतून गिच्च, बाहेरून काळे

सगळ्यात जास्त येणारी अडचण हीच, आणि तिचं कारण फळातलं पाणी. पिकलेल्या केळ्यात जवळपास तीन चतुर्थांश पाणी असतं. ते धरून ठेवायला अंडं आणि पीठ लागतं. "एक केळं, एक अंडं, बास" ही कृती सगळीकडे फिरत असते, पण ती पॅनकेकपेक्षा गोड ऑम्लेटच्या जास्त जवळची आहे. उलटताना ती हमखास फाटते.

मला भरवशाचं वाटणारं प्रमाण असं: सोलल्यावर १०० ग्रॅमच्या आसपास भरेल असं एक केळं, एक अंडं आणि साधारण ३० ग्रॅम, म्हणजे तीन ते चार टेबलस्पून, ओट्सचं पीठ. अंडं घालायचं नसेल तर पीठ ४५ ते ५० ग्रॅमपर्यंत वाढवा आणि दुधाने सैल करा. ते अंगावरचं असो, फॉर्म्युला असो की साधं, काहीही चालेल. (वर्षाच्या आत साधं दूध मुख्य पेय म्हणून देत नाहीत, पण स्वयंपाकात थोडं वापरायला हरकत नसते.)

मिश्रण कालवल्यावर लगेच तव्यावर घालू नका. ओट्स पाणी शोषायला वेळ घेतात, त्यामुळे पाच ते दहा मिनिटांनी तेच मिश्रण बरंच घट्ट झालेलं दिसेल. ही पाच मिनिटं न थांबता "पातळ झालंय" म्हणून आणखी पीठ घातलं की तयार होतो तो रबरासारखा पॅनकेक. चमच्यातून मिश्रण जाड पट्टीसारखं सावकाश खाली पडलं पाहिजे. पाण्यासारखं धावलं तर पातळ आहे, गोळ्यासारखं धपकन पडलं तर घट्ट आहे.

मग आच. फळातली साखर पटकन करपते, म्हणून मोठ्या आचेवर बाहेरून तपकिरी रंग येतो आणि आत कच्चं राहतं. मंद ते मध्यम आच ठेवा. एका वेळी एक टेबलस्पून मिश्रण, म्हणजे पाच-सहा सेंटिमीटरचा पॅनकेक, आणि वर झाकण. बुडबुडे येण्याची वाट बघत बसू नका, कारण सोडा नसलेल्या मिश्रणात ते फारसे येतच नाहीत. कडा कोरड्या दिसल्या, वरची ओली चकाकी गेली आणि कालथा खाली सहज सरकला की उलटा. कालथा अडकत असेल तर आणखी अर्धं मिनिट थांबा. पहिला पॅनकेक मधोमध फोडून बघा. आत ओलसर असायला हरकत नाही, पण चिकट कच्चं पीठ किंवा वाहतं अंडं दिसता कामा नये.

तेल-तूप अजिबात नको, असाही एक आग्रह दिसतो. तो मोठ्यांच्या डाएटमधून आलाय. दोन वर्षांखालच्या मुलांना स्निग्ध पदार्थ हवेच असतात, त्यामुळे तव्याला थोडं तूप किंवा तेल बिनधास्त लावा.

सफरचंद किसून घातलं तरी कचकचतं

पॅनकेक तव्यावर असतो जेमतेम चार-पाच मिनिटं. तेवढ्यात कच्चं सफरचंद मऊ होत नाही, आणि कच्चं कडक सफरचंद हे बाळाच्या घशात अडकणाऱ्या पदार्थांपैकी एक आहे. सफरचंद आणि कडक नासपती आधी वाफवून कुस्करायची. ब्लूबेरी अख्खी घालू नका, बोटाने चेपून घाला. द्राक्षं तर अख्खी कधीच नाहीत. गोठवलेली फळं वापरत असाल तर सुटलेलं पाणी निथळून घ्या, नाहीतर वरचं सगळं प्रमाण कोलमडतं.

सोडा, आणि हिरवे पडलेले पॅनकेक

ब्लूबेरीचे पॅनकेक हिरवट-करडे झाले म्हणून पुष्कळ जण घाबरून टाकून देतात. ते खराब झालेले नसतात. बेरीतलं जांभळं रंगद्रव्य आम्लारी (आम्लाच्या उलट गुणाच्या) मिश्रणात रंग बदलतं, आणि मिश्रण आम्लारी करतो तो बेकिंग सोडा. सोडा कमी केला की रंगही सुधारतो.

पण मुळात तो घालायचाच कशाला? बाळाला फुगलेपणाचं काही कौतुक नसतं. शिवाय एका टीस्पून सोड्यात १२०० मिलिग्रॅमहून जास्त सोडियम असतं. सात ते बारा महिन्यांच्या बाळाला दिवसभरात साधारण ३७० मिलिग्रॅम पुरेसं मानतात, म्हणजे नुसत्या पाव टीस्पूनमध्ये जवळजवळ दिवसाचा हिशोब होतो. बेकिंग पावडरमध्ये सोडियम कमी, पण तेही दुर्लक्ष करण्याइतकं नाही. छोटे पॅनकेक सोड्याशिवाय छान होतात. मीठही नकोच.

गोडीसाठी काहीतरी घालणं

साखर, सिरप, काहीच नको. डाग पडलेल्या केळ्याची गोडी बाळाला पुष्कळ होते. मधाचा विषय मात्र निव्वळ गोडीचा नाही. एक वर्ष पूर्ण होईपर्यंत मध अजिबात द्यायचा नाही. त्यात क्लोस्ट्रिडियम बोट्युलिनम या जिवाणूचे बीजाणू असू शकतात, आणि लहान बाळाच्या आतड्यात ते वाढून विष तयार करतात. "पॅनकेकमध्ये शिजतोच की" हा युक्तिवाद इथे टिकत नाही, कारण हे बीजाणू उकळत्या पाण्याच्या तापमानालाही तग धरतात आणि तव्यावरच्या पॅनकेकचं आतलं तापमान त्याच्या वर जातच नाही.

पहिल्याच दिवशी सगळं एकत्र

अंडं, गहू, दूध, वर शेंगदाण्याचं बटर, असा "पौष्टिक" पॅनकेक बाळाने आयुष्यात पहिल्यांदा खाल्ला आणि अंगावर गांधी उठल्या, तर कारण शोधणार कसं? यातला प्रत्येक पदार्थ आधी एकेकटा, थोडा, दिवसाच्या वेळी देऊन बघा आणि मगच एकत्र करा. याचा अर्थ अंडं किंवा शेंगदाणे वर्षभर लांबवा असा मात्र नाही. ती जुनी समजूत आता मागे पडली आहे. सहा महिन्यांच्या सुमारास सुरू करून पुढे नियमित देत राहणं चांगलं मानतात. बाळाला तीव्र एक्झिमा (त्वचेवर कोरडे, खाजणारे चट्टे) असेल किंवा आधी एखाद्या पदार्थाची ॲलर्जी दिसली असेल, तर हे डॉक्टरांना विचारूनच करा.

गांधी, ओठ सुजणं, उलट्या अशी लक्षणं बहुतेकदा काही मिनिटांत ते दोन तासांत दिसतात. श्वास घ्यायला त्रास किंवा जीभ सुजणं ही तातडीने दवाखाना गाठायची वेळ. आणखी एक प्रकार सहज निसटतो: खाल्ल्यावर एक ते चार तासांनी पुन्हापुन्हा उलट्या, बाळ पांढरं आणि मलूल पडणं. ही गोष्टही लगेच डॉक्टरांकडे न्यायची. उलट स्ट्रॉबेरी किंवा संत्र्याने तोंडाभोवतीच येणारी लाली बऱ्याचदा फळाच्या आम्लाने त्वचा चुरचुरल्यामुळे असते.

तुकडा कसला द्यायचा

सुरुवातीला लोक पॅनकेकचे चिमुकले चौकोन करतात. सहा महिन्यांचं बाळ पूर्ण पंजाने पकडतं, त्यामुळे ते चौकोन मुठीत गडप होतात आणि बाळ चिडतं. मोठ्या माणसाच्या बोटाएवढी लांब, दोन बोटं रुंद पट्टी द्या म्हणजे मुठीबाहेर चघळायला काहीतरी उरेल. चिमटीने उचलणं नवव्या महिन्याच्या आसपास जमायला लागतं, छोटे तुकडे तेव्हा.

देण्याआधी एक तुकडा अंगठा आणि तर्जनीत दाबा. भुगा झाला किंवा लगदा झाला तर उत्तम. चोळल्यावर कणकेसारखा चिवट गोळा होत असेल तर तो घास बाळाला देऊ नका, तोंडातही त्याचा तसाच गोळा होईल. शेंगदाण्याचं किंवा बदामाचं बटर वर थापून देणंही याच कारणासाठी टाळा. ते मिश्रणात ढवळा किंवा पाण्याने पातळ करून अगदी पुसटसं लावा.

बाळ खाताना ओकारी आल्यासारखं करतं, तोंड लाल होतं, आवाज करतं, हे शिकण्याचा भाग आहे. आवाजच बंद होणं आणि ओठ निळे पडणं म्हणजे घास अडकला. अशा वेळी काय करायचं, हे वरचं खाणं सुरू करायच्या आधीच प्रशिक्षित माणसाकडून शिकून घ्या. बाळाला नेहमी सरळ बसवून भरवा आणि ते खात असताना जवळून उठू नका.

आवडले म्हणून रोज तेच

केळ्याचे पॅनकेक पोटभरीचे असले तरी लोह त्यात फार नसतं. वरच्या प्रमाणातल्या अख्ख्या घाण्यात मिळून जेमतेम अडीच मिलिग्रॅम भरेल, आणि बाळ त्यातले एक-दोन खाणार. या वयाची गरज अमेरिकी शिफारशीनुसार दिवसाला ११ मिलिग्रॅम आहे, आणि अंगावरच्या दुधातून लोह अगदीच थोडं मिळतं. म्हणून दिवसातलं एक खाणं पॅनकेकचं ठेवा आणि बाकीच्या वेळी डाळी, मांस, लोह घातलेलं बाळाचं सीरियल यांना जागा द्या. पॅनकेकबरोबर स्ट्रॉबेरी किंवा किवी कुस्करून ताजंच दिलं, तर त्यातल्या क जीवनसत्त्वाने ओट्समधलं लोह जास्त शोषलं जातं. हे फळ शिजवू नका, क जीवनसत्त्व उष्णतेने कमी होतं.

उरलेले पॅनकेक गार झाल्याबरोबर फ्रिजमध्ये ठेवा आणि एक-दोन दिवसांत संपवा. फ्रीझरमध्ये ठेवताना मध्ये कागद घालून ठेवले तर महिनाभर चांगले राहतात. मायक्रोवेव्ह केल्यास पूर्ण गरम करून, तोडून, मधला भाग बोटाने तपासूनच द्या, कारण तो एखाद्याच जागी चटका बसण्याइतका तापलेला असतो.

पहिल्या आठवड्यात शी घट्ट झाली तर बहुधा कमी पिकलेलं केळं कारण असतं. काही दिवस नासपती किंवा प्रून (सुकवलेला आलुबुखार) वापरा आणि जेवणाबरोबर कपातून पाण्याचे दोन-चार घोट द्या. शीमध्ये बारीक काळे दोऱ्यासारखे तंतू दिसले तर जंत समजून औषध शोधायला धावू नका. ते केळ्याचे तंतू असतात. हालचाल दिसली, रक्त दिसलं किंवा केळं बंद करूनही ते येत राहिले, तर मात्र डॉक्टरांना दाखवा.