जुन्या गाडीच्या ब्रेकसाठी कोणते पाने घ्यावेत?

पद्मिनी आणि अँबेसेडर एकाच शेडमध्ये उभ्या असतील तर पान्यांचे डबे वेगळे ठेवा. पद्मिनी फियाट ११००डी वरून आलेली, तिची मापं मिलिमीटरची. अँबेसेडर मॉरिस ऑक्सफर्डवरून आलेली, तिच्या ब्रेकचे नट बहुधा इंची. त्यातून इतक्या वर्षांत कोणी कुठला पाइप चढवला असेल याचा नेम नाही. म्हणून आधी नट वायर ब्रशने साफ करा आणि व्हर्निअर लावून नेमकं माप घ्या.

७/१६ इंच म्हणजे ११.११ मिमी. त्यावर ११ चा पाना कधी चढतो, कधी नाही आणि १२ चा नुसता फिरतो. अर्धा इंच म्हणजे १२.७ मिमी. तिथे १३ चा चढतो, पण जाम नटावर जोर लावला की ती ०.३ मिमीची ढिलाईच कोपरे खाते.

ब्रेक पाइपच्या नटाला फिक्स पाना लावूच नका. नट आतून पोकळ असतो. फिक्स पाना दोनच बाजूंनी धरतो, त्यामुळे नट दबतो, आतल्या पाइपला आवळतो आणि दोन्ही एकत्र पिळले जातात. इथे हवा फ्लेअर नट पाना: रिंग पान्यासारखाच, फक्त पाइप आत जाईल एवढी खाच असलेला. ३/१६ इंची, म्हणजे सुमारे ४.७५ मिमीच्या पाइपला ती पुरते. सहा कोनीच घ्या, बारा कोनी नको. जाड तोंडाचा बघा. स्वस्तातला जोर लावताच फाकतो. एअर काढायच्या निपलला सहा कोनी गोटी (सॉकेट) किंवा रिंग पाना.

खाडीकाठच्या खाऱ्या, दमट हवेत ठाणे-नवी मुंबईच्या गाड्यांचे हे नट हमखास धरलेले असतात. रात्री गंज सोडवणारं रस्ट ऑइल मारून ठेवा, ब्रेकच्या लायनिंगवर उडू देऊ नका. सकाळी नट आधी किंचित आवळा, मग सोडवा. रबरी होजचा षटकोन दुसऱ्या पान्याने धरायलाच हवा, नाहीतर होज पिळला जातो. तरीही नट हलला नाही तर पाइप नटालगत कापा, खोल गोटी लावून नट काढा आणि नवा पाइप टाका. पिळलेला जुना पाइप वाचवण्यात अर्थ नाही.

बसवताना खरा घोटाळा आट्यांचा होतो. ३/८ इंची यूएनएफ (बारीक इंची आट्यांचा) नट एम१० च्या, म्हणजे १० मिमी आट्यांच्या भोकात सैलसर जातो, बसल्यासारखा वाटतो आणि आवळताना आटे सोडतो. पान्याचं माप जुळलं म्हणजे आटे जुळले असं नाही. पहिले तीन-चार फेरे बोटांनीच द्या.

ब्रेक ऑइल भरून एअर काढली की एकाला पेडल जोरात दाबून धरायला सांगा आणि प्रत्येक नटाभोवती कोरडा टिश्यू फिरवा. ओल दिसली तर गाडी घोडबंदर रोडवरच्या गायमुखच्या घाटाकडे नेऊ नका.