पोस्टवरून पोलिसांचा फोन आला? या चुका टाळा

नोव्हेंबर २०१२ मध्ये बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतर पाळल्या गेलेल्या बंदवर पालघरच्या एका तरुणीने फेसबुकवर चार ओळी लिहिल्या. मैत्रिणीने त्या लाइक केल्या. दोघींनाही अटक झाली. पुढे तो गुन्हा टिकला नाही, पोलीस अधिकारी निलंबित झाले. याच प्रकारामुळे अस्वस्थ होऊन श्रेया सिंघल ही तरुणी सर्वोच्च न्यायालयात गेली आणि २४ मार्च २०१५ रोजी ऑनलाइन मजकुरावरून अटकेसाठी वापरलं जाणारं माहिती तंत्रज्ञान कायद्यातलं कलम ६६अ घटनाबाह्य ठरलं.

तेव्हापासून न्यायालयांनी सामान्य माणसाच्या बाजूने बरंच काही सांगून ठेवलं आहे. पण पोलीस ठाण्यातून फोन आला की घरात रडारड सुरू होते आणि पहिल्या दोन-तीन तासांत आपण ते सगळं संरक्षण आपल्याच हातांनी सोडून देतो. वाईट याचंच वाटतं.

नुसत्या फोनवर ठाण्यात धावत जाणं

आधी शांतपणे विचारा: कोणतं पोलीस ठाणं, अधिकाऱ्याचं नाव काय, गुन्हा दाखल झालाय की नुसती अर्ज चौकशी आहे, आणि कलम कोणतं? हे विचारणं उद्धटपणा नाही. समाजात तेढ निर्माण केल्याबद्दल भारतीय न्याय संहितेचं कलम १९६ लावतात, त्याची नेहमीची शिक्षा तीन वर्षांपर्यंत आहे. सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यात सरसकट अटक करायची नसते. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (अटक, तपास, जप्ती कशी करायची हे सांगणाऱ्या कायद्याच्या) कलम ३५(३) खाली हजर राहण्याची लेखी नोटीस द्यायची असते. ही नोटीस व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवून चालणार नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये स्पष्ट केलं. मात्र रीतसर नोटीस हातात पडली की तारीख चुकवू नका. गैरहजेरी हेच अटकेचं कारण ठरू शकतं.

शिवाय मार्च २०२५ मध्ये राज्यसभेतले महाराष्ट्राचे खासदार इम्रान प्रतापगढी यांच्या प्रकरणात न्या. अभय ओक यांच्या खंडपीठाने सांगितलं की, बोलण्या-लिहिण्यावरून तीन ते सात वर्षांच्या शिक्षेचा गुन्हा लावायचा असेल, तर आधी याच संहितेच्या कलम १७३(३) प्रमाणे प्राथमिक चौकशी करणंच योग्य. वरिष्ठांची परवानगी घेऊन ती चौदा दिवसांत करायची असते. तशी चौकशी झाली का, हे वकिलाला विचारायला लावा.

एफआयआरची प्रत बहुतेक वेळा महाराष्ट्र पोलिसांच्या संकेतस्थळावर मिळते. संवेदनशील प्रकरणं तिथे टाकत नाहीत. कलमांमध्ये ६६अ दिसलं तर लगेच वकिलाच्या नजरेस आणा. या कलमाखाली कोणावरही खटला चालवू नये, असं न्यायालयाने ऑक्टोबर २०२२ मध्ये पुन्हा बजावलं आहे.

आणि कोणी व्हिडिओ कॉलवर ‘डिजिटल अटक’ म्हणत असेल तर फोन ठेवून द्या. कायद्यात असं काही नाही, ती फसवणूक आहे.

घाबरून सगळं डिलीट करणं

वादाची पोस्ट लोकांसमोरून काढणं एक, आणि मूळ पुरावाच नष्ट करणं वेगळं. पुरावा म्हणून सादर होऊ नये यासाठी इलेक्ट्रॉनिक नोंद नष्ट करणं हा स्वतंत्र गुन्हा आहे. पण मला त्याहून मोठं नुकसान दिसतं ते असं की, तुमच्या बचावाचा पुरावाही त्यातच असतो.

कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका प्राध्यापकाचं प्रकरण पाहा. ऑगस्ट २०२२ मध्ये त्यांनी व्हॉट्सअ‍ॅपवर ठेवलेल्या मजकुरात ५ ऑगस्ट हा जम्मू-काश्मीरसाठी काळा दिवस असल्याचं म्हटलं होतं, ३७० रद्द झाल्याबद्दल नाराजी होती आणि १४ ऑगस्टला पाकिस्तानला स्वातंत्र्यदिनाच्या शुभेच्छा होत्या. हातकणंगले ठाण्यात गुन्हा दाखल झाला, मुंबई उच्च न्यायालयाने दिलासा दिला नाही. ७ मार्च २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द केला. शब्द काय होते, हेतू काय होता, वाचणाऱ्या समंजस माणसावर परिणाम काय, हे तपासूनच. शब्दांचं मोजमाप खंबीर आणि विवेकी माणसाच्या नजरेने करायचं, हळव्या-डळमळीत मनाच्या नाही, हा निकष स्वातंत्र्यापूर्वी नागपूर उच्च न्यायालयात न्या. व्हिव्हियन बोस यांनी घातला होता. आजही तोच वापरला जातो.

म्हणून स्क्रीनशॉट घ्या, पण फक्त वादाच्या ओळीचा नको. आधीचे-नंतरचे मेसेज, तारीख, वेळ, ग्रुपचं नाव, कोणी काय उत्तर दिलं, सगळं दिसलं पाहिजे. स्टेटस तर चोवीस तासांत नाहीसं होतं आणि मग मागे उरतो तक्रारदाराने कापून घेतलेला तुकडा.

माफीचा व्हिडिओ

दारात जमाव उभा असताना जीव वाचवण्यासाठी माणूस काहीही बोलतो, त्याला दोष कसा देणार? पण तशी वेळ नसेल तर थांबा. पोलिसांपुढे दिलेली कबुली न्यायालयात तुमच्याविरुद्ध सिद्ध करता येत नाही, त्यांनी नोंदवलेल्या जबाबावर तुमची सहीही घ्यायची नसते. मात्र स्वतःच्या खात्यावर टाकलेल्या व्हिडिओला हे संरक्षण नाही. ‘भावना दुखावण्यासाठीच लिहिलं’ असलं वाक्य कोणी लिहून आणून वाचायला लावलं, तर हेतू तुम्हीच सिद्ध करून दिला. मनापासून माफी मागायची असेल तर जरूर मागा, शब्द आधी वकिलाला दाखवा.

फोन उघडून हातात देणं

फोन जप्त होऊ शकतो. पण जप्तीचा पंचनामा व्हायला हवा. त्यात आयएमईआय क्रमांक (प्रत्येक फोनचा स्वतंत्र ओळख क्रमांक), सील केल्याची नोंद, पंचांच्या सह्या हव्यात, आणि नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०५ प्रमाणे या कारवाईचं दृक्‌-श्राव्य चित्रीकरणही. डेटाची नक्कल काढली तर तिची हॅश व्हॅल्यू नोंदवायला सांगा. हा अक्षरं-आकड्यांचा ठसा असतो, डेटात एक स्वल्पविराम बदलला तरी तो बदलतो, त्यामुळे नंतर कोणी काही घुसडलं तर उघड होतं. पासवर्डची सक्ती करता येते का, यावर न्यायालयांची मतं वेगवेगळी आहेत. ‘वकिलाशी बोलून सांगतो’ एवढंच उत्तर द्या.

‘फॉरवर्डेड अ‍ॅज रिसीव्ह्ड’वर विसंबणं

‘आला तसा पुढे पाठवला’ ही ढाल नाही. मजकूर न वाचताच पुढे ढकलला, असा बचाव तमिळनाडूतल्या एका अभिनेत्याने घेतला होता. २०२३ मध्ये आधी मद्रास उच्च न्यायालयाने आणि मग सर्वोच्च न्यायालयाने त्याला दिलासा नाकारला. ग्रुप अ‍ॅडमिनची गोष्ट वेगळी: सदस्याने टाकलेल्या मजकुरासाठी केवळ अ‍ॅडमिन आहे म्हणून त्याला दोषी धरता येणार नाही, असं नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये म्हटलं. संगनमत असेल तर सुटका नाही.

व्हॉट्सअ‍ॅपवर मेसेज कूटबद्ध (एन्क्रिप्टेड) असतो, पण बहुतेक प्रकरणांत तो बाहेर येतो ग्रुपमधल्याच कोणाच्या स्क्रीनशॉटमधून. बॅकअपचं कूटबद्धीकरणही वेगळं चालू करावं लागतं. चॅट बॅकअपच्या सेटिंगमध्ये आजच बघून घ्या.

वकिलाची फी परवडत नसेल तर १५१०० वर फोन करा किंवा जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या कार्यालयात जा. ते सहसा जिल्हा न्यायालयाच्या आवारातच असतं. महिलांना आणि कोठडीत असलेल्यांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो.