एसी लावला की अ‍ॅव्हरेज पडतं? या चुका टाळा

एप्रिल-मेमध्ये गाडीचं अ‍ॅव्हरेज घसरलं की खापर एसीवर फुटतं. एसी अगदीच निर्दोष नाही. त्याचा कॉम्प्रेसर, म्हणजे गॅस दाबून फिरवणारा पंप, इंजिनच्या बेल्टवर फिरतो, म्हणजे गारव्याचं बिल पेट्रोलच्या टाकीतूनच जातं. पण एसी पेट्रोल खातो तासाच्या हिशेबाने आणि अ‍ॅव्हरेज आपण किलोमीटरवर काढतो. घोळ तिथे होतो.

समजा, एसी तासाला ०.४ लिटर जादा पितो. हायवेला ताशी ८० ने लिटरला २० देणारी गाडी एसी लावून १८ देईल. तीच गाडी हिंजवडीच्या कोंडीत ताशी १५ ने सरकत असताना एसीविना १२ देत असेल, तर एसी लावल्यावर ९ वर येईल.

पहिली चूक: हायवेला काचा खाली, गावात एसी. नेमकं उलटं करायला हवं. हवेचा अडथळा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. एक्स्प्रेस वेवर ताशी १०० ने काचा उघड्या ठेवल्या की वारा गाडीला मागे खेचतो आणि एसी बंद करून वाचवलेलं बरंचसं तिथेच जातं. वर कानाला त्रास तो वेगळाच. गल्लीबोळात, ३०-४० च्या वेगाला मात्र काचा खाली करणं खरंच स्वस्त पडतं.

निघण्याआधी गाडी ‘गार करून घेणं’. उभ्या गाडीत इंजिन मंद फिरतं, त्यामुळे एसीही मंदच चालतो. किलोमीटर शून्य, पेट्रोल चालू. उन्हात तापलेल्या गाडीची दारं उघडा, काचा खाली करून थोडं अंतर चालवा, भट्टीसारखी हवा बाहेर जाऊ द्या, मग एसी लावा. त्यानंतर आतलीच हवा फिरवणारं बटण दाबा. बंद गॅरेजमध्ये तर इंजिन चालू ठेवून बसूच नका. तिथे प्रश्न पेट्रोलचा नसून कार्बन मोनॉक्साइडचा असतो.

नॉब लाल बाजूला वळवून बचत. ही समजूत फार चिवट आहे. बहुतेक साध्या, नॉबवाल्या एसीत लालकडे वळवलं की थंड झालेल्या हवेत हीटरची गरम हवा मिसळते. कॉम्प्रेसर आपला तेवढाच राबतो. त्यापेक्षा नॉब पूर्ण निळ्यावर ठेवा आणि गाडी गार झाल्यावर ब्लोअर १ किंवा २ वर आणा. कूलिंग कॉइलवरून कमी हवा गेली की कॉइल लवकर थंड होते आणि कॉम्प्रेसर मधूनमधून बंद होतो. ऑटोमॅटिक एसी असेल तर २४ वर ठेवून विसरून जा. १८ लावल्याने गाडी लवकर गार होत नाही, गरजेपेक्षा जास्त गार होते.

जाहिरातीतल्या आकड्याशी तुलना. एआरएआय या वाहन-चाचणी संस्थेचा म्हणून जो आकडा छापला जातो, तो प्रयोगशाळेत रोलरवर आणि एसी बंद ठेवून काढलेला असतो. मे महिन्यातल्या नागपूरशी त्याचं काय नातं! तुलना करायचीच तर तुमच्याच गाडीची, त्याच रस्त्यावर, टाकी फुल ते टाकी फुल करा. टायरची हवा आधी तपासा. कित्येकदा खरा चोर तिथे सापडतो.

दर उन्हाळ्यात गॅस ‘टॉप-अप’. एसीचा गॅस पेट्रोलसारखा जळून संपत नाही. दरवर्षी भरावा लागत असेल तर कुठेतरी गळती आहे, ती आधी शोधायला सांगा. अंदाजाने जादा गॅस भरला तर दाब वाढतो, कॉम्प्रेसरवर भार येतो, कूलिंग कमी आणि पेट्रोल जास्त अशी दुहेरी शिक्षा होते. बॉनेटखालच्या स्टिकरवर ग्रॅममध्ये वजन दिलेलं असतं. तेवढाच भरून घ्या.

चालत्या गाडीत हवा गार आणि सिग्नलला कोमट येत असेल, तर गॅसआधी रेडिएटरपुढचा कंडेन्सर (एसीची उष्णता बाहेर टाकणारी जाळी) आणि पंखा बघा. चिखल-किडे अडकून जाळी बुजली की उष्णता बाहेर पडत नाही. ब्लोअरचा आवाज मोठा, पण वारा कमी येत असेल, तर बहुधा केबिन फिल्टर बुजलेला असतो. तो बऱ्याच गाड्यांत ग्लोव्हबॉक्सच्या मागे असतो. फिल्टर साफ असूनही तासाभराने वारा मंदावत असेल, तर कॉइलवर बर्फ धरत असण्याची शक्यता आहे. सेन्सर बिघडल्याने कॉम्प्रेसर बंदच होत नाही आणि अशा वेळी पेट्रोल सर्वांत जास्त जातं.