कॅनिंगच्या हंगामात रोबोटचा कंट्रोलर उठत नसेल तर

वैशाखातल्या एका संध्याकाळी देवगडच्या बाजूला जोराचा वळीव पडला. विजा कडाडल्या, अर्धा तास लाईट गेली. लाईट आली तेव्हा आमच्या कारखान्यातला कार्टन रचणारा रोबोट उठलाच नाही. कंट्रोलरचा, म्हणजे रोबोट चालवणाऱ्या पॅनलचा, मेन ब्रेकर पडलेला होता. पॅकिंगवरच्या पोरानं तो उचलला, तो पडला. परत उचलला, परत पडला. मी रिटॉर्टकडून (डबे शिजवायच्या यंत्राकडून) धावत येईपर्यंत "ताई, परत एकदा मारून बघतंय" म्हणत त्यानं तिसऱ्यांदा उचलला आणि पॅनलच्या आत फटाका फुटल्यासारखा आवाज झाला.

दार उघडल्यावर कळलं की विजेच्या लाटेनं इनपुटवरचा, अशी लाट अडवणारा सर्ज अरेस्टरच आतून शॉर्ट झाला होता. तो तेवढाच बदलला असता तर तासाभरात काम झालं असतं. तिसऱ्या झटक्याला तो फुटला, काजळी शेजारच्या बोर्डावर उडाली आणि बोर्डही गेलं. नवं बोर्ड येईपर्यंत अकरा दिवस पोरांनी हातानं कार्टन रचले. एका कार्टनमध्ये ३.१ किलोचे सहा डबे, म्हणजे नुसता रसच साडेअठरा किलोच्या वर. बाहेर आंब्याच्या टेंपोंची रांग होती आणि आंबा कुणासाठी थांबत नाही. त्या पोराची चूक नव्हती. पडलेल्या ब्रेकरला कसं वागवायचं हे त्याला आम्ही कधी सांगितलंच नव्हतं. म्हणून हे लिहिते आहे.

पडलेला ब्रेकर कारण सापडल्याशिवाय उचलायचा नाही. एकदाही नाही.

आत हात घालण्यापूर्वी फीडरवर, म्हणजे पॅनलला वीज देणाऱ्या मागच्या स्विचवर, बंद करा, कुलूप लावा, पाटी लटकवा. कंट्रोलरचा स्वतःचा ब्रेकर बंद केला तरी त्याच्या वरच्या टर्मिनलवर वीज असतेच, हे नवीन माणसं विसरतात. सर्व्हो अँप्लिफायरमधले (रोबोटच्या मोटारींना वीज देणाऱ्या भागातले) कपॅसिटर बंद केल्यावरही भरलेले राहतात. चार्जचा लाल दिवा विझेपर्यंत आणि वर पॅनलवरच्या पाटीत लिहिलेला वेळ संपेपर्यंत थांबा, मग मीटरनं मोजून खात्री करा. मीटर आधी चालू जागेवर लावून बघा, मग बंद जागेवर, मग परत चालू जागेवर. मीटरच बिघडलेला असेल तर शून्य दाखवतो आणि माणसाचा जीव जातो. चालू पॅनलमध्ये मोजायचं काम शिकलेल्या इलेक्ट्रिशियननंच करावं, आणि एकट्यानं नाही.

तपासणी नेहमी वीज ज्या वाटेनं आत येते त्याच वाटेनं करते: लाईन, ब्रेकर, ट्रान्सफॉर्मर, फ्यूज, २४ व्होल्ट, मेन बोर्ड, पेंडंट (हातात धरायचा पडदा-बटणांचा कंट्रोल) आणि शेवटी सर्व्हो. मधूनच सुरुवात केली तर दुपारची संध्याकाळ होते.

पहिली गोष्ट लाईन. ब्रेकरच्या वरच्या बाजूला तिन्ही फेज एकमेकांत मोजा, मग प्रत्येक फेज न्यूट्रलशी. बहुतेक कंट्रोलर +१० ते −१५ टक्के सहन करतात. ४१५ धरलं तर साधारण ३५३ ते ४५६ व्होल्ट. आपल्याकडे वाऱ्यापावसात ट्रान्सफॉर्मरवरचा एखादा डीओ (खांबावरचा फ्यूज) उडतो, तेव्हा एक फेज न्यूट्रलशी २३५-२४० दाखवतो आणि उरलेले दोन सव्वाशेच्या आसपास. हे आकडे दिसले की पॅनल बंद करा आणि लाईनमनला फोन करा, बिघाड तुमच्या कंट्रोलरमध्ये नाहीच. पण कारखान्यातल्या मोटारी चालू असतील तर त्या गेलेल्या फेजवर उलटा व्होल्टेज देतात आणि आकडा खरा वाटू लागतो. म्हणून मोजताना मोठ्या मोटारी बंद ठेवा.

न्यूट्रल आणि अर्थ यांच्यातही मोजा. तिथे दोनचार व्होल्टपेक्षा जास्त दिसू लागले की अर्थिंगकडे बघायला जायचं. आमचा कारखाना सड्यावर आहे. खाली सगळा जांभा, पावसात पाणी धरत नाही आणि एप्रिल-मेमध्ये तर ठणठणीत कोरडा. अर्थिंगच्या खड्ड्यात त्या दोन महिन्यांत आठवड्यातून दोनदा पाणी घालते. कॅनिंगचा हंगाम नेमका तेव्हाच असतो आणि रोबोटला चांगली अर्थिंग तेव्हाच लागते. एका वर्षी एन्कोडरचे (रोबोटच्या सांध्याची जागा मोजणाऱ्या भागाचे) अलार्म दुपारीच यायचे आणि रात्री यायचे नाहीत. चार दिवस केबल तपासल्या. शेवटी खड्ड्यात चार बादल्या पाणी ओतल्यावर अलार्म थांबले.

जनरेटरवर जात असाल तर आधी कंट्रोलर बंद करा, जनरेटर सुरू होऊन स्थिर होऊ द्या, मग चालू करा. बंद-चालूमध्ये अर्धा मिनिट तरी जाऊ द्या.

आता ब्रेकर. तो कसा पडतो हे बघितलंत तर अर्धं निदान तिथेच होतं. उचलल्याबरोबर पडला तर कुठेतरी शॉर्ट आहे. पाच-दहा मिनिटं चालून पडला तर सैल टर्मिनल, तापलेला ब्रेकर किंवा खरोखरचा ओव्हरलोड असू शकतो. टर्मिनलचं इन्शुलेशन काळं पडलंय का बघा. विजेच्या गळतीवर पडणारं संरक्षण (आरसीसीबी) असेल आणि ते फक्त पावसाळ्यातच पडत असेल तर ओल शोधा. सर्व्होच्या फिल्टरमधून थोडी गळती नेहमीचीच असते, त्यामुळे घरात बसवतात तसला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी कंट्रोलरच्या वाटेत बसवला तर तो विनाकारण पडत राहतो. मॅन्युअलमध्ये सांगितला आहे तोच बसवा.

शॉर्ट कुठे आहे ते बंद अवस्थेतच शोधायचं. ब्रेकरच्या खालच्या बाजूला तिन्ही फेजमधला ओहम मोजा. ट्रान्सफॉर्मर असेल तर तिन्ही आकडे लहान पण सारखे आले पाहिजेत. एक वेगळा आला की तिथेच बघायचं. फेज ते अर्थ मोजताना सर्किट उघडं दिसलं पाहिजे, म्हणजे जोड मिळायला नको. मग पुढचे भाग एकेक करून सोडवा: आधी सर्व्हो अँप्लिफायर, मग पॉवर सप्लाय, मग पंखे. ज्याला सोडवल्यावर आकडा सुधारला तो भाग दोषी. एका वेळी एकच गोष्ट बदला आणि वहीत लिहा. मेगर, म्हणजे मोठा व्होल्टेज देऊन इन्शुलेशन तपासणारा मीटर, फक्त दोन्ही टोकांना सोडवलेल्या मोटार केबलवर लावायचा. बोर्ड जोडलेलं असताना ५०० व्होल्टचा मेगर मारला तर जे बोर्ड चांगलं होतं तेही जातं.

इथपर्यंत सगळं ठीक, तरी पेंडंट काळा? मग २४ व्होल्टकडे या. माझ्या अनुभवात निम्म्याहून जास्त तक्रारी इथेच संपतात. पॉवर सप्लायवरचा हिरवा दिवा स्थिर आहे की लुकलुकतोय ते बघा. लुकलुकत असेल तर सप्लाय सहसा मेलेला नसतो, पुढे शॉर्ट असल्यामुळे तो स्वतःला वाचवत असतो. असा सप्लाय बदलून काही होत नाही. वीज बंद करून बाहेर जाणारे इनपुट-आउटपुटचे कनेक्टर एकेक काढा आणि २४ व शून्य यांच्यातला ओहम मोजत जा. आमच्याकडे दोषी बहुतेक वेळा कार्टन धरणाऱ्या ग्रिपरवरच्या प्रॉक्झिमिटी सेन्सरची केबल असते. मनगटाजवळ ती रोज हजारो वेळा वाकते, आतली तार तुटते, कवच घासतं आणि एका ठराविक कोनातच शॉर्ट होतं. म्हणून केबल हातानं वाकवत मोजायची. सरळ धरून मोजलीत तर ती निर्दोष वाटते.

फ्यूज उडाला असेल तर त्याच रेटिंगचा, त्याच जातीचा घाला. दुसराही उडाला तर तिसरा घालू नका. आणि फ्यूजच्या जागी तार कधीही नाही, मालकानं सांगितलं तरी नाही.

२४ व्होल्ट ठीक आहेत आणि मेन बोर्डावरचे दिवे जिवंत आहेत, पण पेंडंट काळा असेल तर आधी पेंडंटची केबल. जमिनीवरून ट्रॉली गेली की तिचं आतलं काही ना काही तुटतंच. दिवे सुरू होऊन दरवेळी एकाच जागी अडकत असतील तर त्या क्षणाचा मोबाईलवर व्हिडिओ काढा. बोर्डावर दिसणारा आकडा आणि लुकलुकणाऱ्या दिव्यांचा क्रम मॅन्युअलमधल्या तक्त्याशी जुळवा. पडद्यावर सगळं नव्यानं सुरू करण्याचा पर्याय दिसला तर बॅकअप हातात असल्याशिवाय त्याला हात लावू नका. बॅकअप दोन ठिकाणी ठेवा, त्यातला एक कारखान्याबाहेर.

सगळं उठलंय पण मोटारींना वीज मिळत नाही, असं असेल तर तो बिघाड नसून बहुधा सुरक्षेची साखळी तुटलेली असते. पॅनलची इमर्जन्सी, पेंडंटची इमर्जन्सी, कुंपणाच्या दाराचा स्विच, असं सगळं हातानं एकेक करून बघा. साखळी दोन वाटांनी जाते आणि दोन्ही एकाच वेळी उघडझाप व्हाव्या लागतात. दाराचा स्विच गंजून एक वाट उशिरा मिळाली तरी कंट्रोलर अडतो. समुद्राकडच्या हवेत हे स्विच लवकर गंजतात, म्हणून आम्ही दरवर्षी बदलतो. स्विचला तार टाकून बायपास करायची नाही. कुंपणाच्या आत माणूस जातो.

आता बॅटऱ्या. आमच्यासारख्या हंगामी कारखान्यात यांच्याइतकं नुकसान दुसरं कशानं होत नाही. रोबोटच्या हातातल्या बॅटऱ्या एन्कोडरला प्रत्येक सांध्याची शून्य जागा लक्षात ठेवायला मदत करतात आणि कंट्रोलर बंद असतानाच खर्च होतात. फानुक कंपनीच्या बऱ्याच रोबोटांत त्या डी आकाराच्या दीड व्होल्टच्या चार असतात आणि वर्षाला बदलायच्या असतात. कंट्रोलरच्या बोर्डावरची ३ व्होल्टची लिथियम बॅटरी वेगळी, ती चार वर्षांनी. कुका कंपनीच्या कंट्रोलरात लाईट गेल्यावर संगणक नीट बंद व्हावा म्हणून वेगळ्या बॅटऱ्या असतात. त्या मेल्या तर पुढच्या वेळी सुरू व्हायला तो अडतो.

लोक हाताच्या बॅटऱ्या हंगाम सुरू होताना बदलतात. मी हंगाम संपताना बदलते, जूनमध्ये, रोबोट बंद करण्याआधी. पुढचे नऊ महिने तो बंद राहणार असतो, तेव्हाच त्याला ताज्या बॅटऱ्या हव्यात. आणि बदलताना कंट्रोलर चालू, इमर्जन्सी दाबलेली. बंद करून काढल्या की शून्य गेलं. मग प्रत्येक अक्षाच्या (सांध्याच्या) खुणा जुळवून मास्टरिंग करावं लागतं, आणि ते ज्याला येतं तो माणूस नेमका त्या दिवशी कोल्हापुरात असतो.

मिरगाच्या आधी घराघरात आगोट, म्हणजे पावसाळ्याची बेगमी, भरतात, तशी मी पॅनलची आगोट करते. दाराच्या रबरी पट्ट्या बदलते, केबल शिरतात तिथले ग्लँड कसते. रिकामी भोकं बंद करते, कारण पाल आणि कुंभारीण तिथूनच शिरतात, आणि कॉन्टॅक्टरमध्ये अडकलेली एक पाल अख्खी लाईन थांबवते. आत थर्मोस्टॅटचा छोटा हीटर ठेवते. तो वेगळ्या सप्लायवर, पावसाळाभर चालू. पॅनल बाहेरच्या हवेपेक्षा चार अंश गरम राहिलं तरी आत दव धरत नाही. कंप्रेसरच्या हवेनं बोर्ड झाडू नका, त्या हवेत पाणी असतं. आणि पॅनल तापतोय म्हणून दार उघडून समोर पंखा लावायची सवय सोडा. आतला पंखा किंवा हीट एक्स्चेंजर साफ करा. उघड्या दारातून जाणारी खारी हवा कनेक्टरच्या पिना हिरव्या करते आणि त्याची फळं पुढच्या वर्षी मिळतात.

पॅनलमध्ये पुराचं पाणी गेलं असेल तर गोष्ट वेगळी. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी चिपळुणात शिरलं, त्यानंतर मी कितीतरी जणांना हेच सांगितलं: वरून सुकलेलं दिसलं म्हणून चालू करू नका. गाळ कनेक्टरच्या आत बसलेला असतो. बोर्ड काढून जाणकाराकडे द्या.

फेब्रुवारीच्या शेवटी रोबोट पुन्हा उठवताना मी एक दिवस आधी येते. हीटर चालतो ना बघते, दार उघडून वास घेते. ओलीचा किंवा जळकट वास नाकाला मीटरच्या आधी कळतो. पंखे हातानं फिरवते, टर्मिनल कसते, लाईन मोजते. मग ब्रेकर उचलते आणि पेंडंट उठेपर्यंत कशालाच हात लावत नाही. रोबोट कमी वेगात एकेक अक्षानं खुणेवर आणते. खूण जुळली की दाराच्या आतल्या कागदावर तारीख, तिन्ही फेजचे आकडे आणि बॅटरी बदलल्याचा महिना लिहिते, आणि पोरांना सांगते, पट्ट्यावर एक रिकामा कार्टन ठेवा.