पावसाळ्यात चार महिने बाइक उभी ठेवायची असेल तर

कोकणात जूनआधी बाइक बंद करून ठेवताना पहिलं काम म्हणजे इंजिन ऑइल बदलणं. वापरलेल्या तेलात आम्ल आणि ओल असते. ती बेअरिंगना आतून खात राहते.

पेट्रोल टाकी गळ्याच्या थोडी खालपर्यंत भरा. रिकाम्या जागेत दमट हवा शिरून पत्रा गंजतो, शिवाय इथेनॉलचं पेट्रोल पाणी ओढतं आणि ते पाणी इथेनॉलसकट तळाशी बसतं. कार्ब्युरेटरची (हवा-पेट्रोल मिसळणारा भाग असलेली, फ्युएल इंजेक्शन नसलेली) गाडी असेल तर पेट्रोलचा कॉक बंद करून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवा, मग फ्लोट बाउलचा (कार्ब्युरेटरच्या तळाची पेट्रोलची वाटी) ड्रेन स्क्रू सैल करून उरलेलं पेट्रोल काढा. हे टाळलं की पायलट जेट (कमी वेगात पेट्रोल सोडणारं बारीक छिद्र) बुजतो आणि ऑक्टोबरात गाडी चोक ओढल्याशिवाय टिकत नाही.

बॅटरी काढताना आधी निगेटिव्ह वायर सोडा. महिन्यातून एकदा व्होल्ट मोजा, 12.4च्या खाली गेली की चार्जिंगला लावा. चेन रॉकेलने पुसून 90 नंबरचं गिअर ऑइल. गाडी मेन स्टँडवर, आणि वर प्लास्टिकची ताडपत्री नको, आत घाम धरतो. जुनी सुती चादर बरी.

आठवड्याला दोन मिनिटं इंजिन चालू करायची सवय मात्र सोडाच. सायलेन्सर पुरता तापत नाही, आत पाणी साचतं आणि तो खालून सडतो.