भात निसवताना: आधी पानाचं वय बघा, मग पंप काढा

भाद्रपदात मुरबाड-शहापूरकडे हळवं (लवकर पिकणारं) भात निसवायला लागतं, म्हणजे त्याची लोंबी बाहेर पडते; निमगरवं (मधल्या मुदतीचं) पोटरीत येतं, म्हणजे लोंबी आतच फुगलेली असते; आणि गरवं (उशिराचं) अजून पोटरीलाही आलेलं नसतं. एका बांधावर उभं राहिलं तर तीन वयांची भातं दिसतात. तरी शेजाऱ्याने फवारलं की आपणही त्याच दिवशी पंप खांद्याला लावतो. बहुतेक औषध इथेच वाया जातं.

करपा हा बुरशीचा रोग कोवळ्या पानावर चढतो. नुकतं उलगडलेलं पान त्याला सहज बळी पडतं. तेच पान जून झालं की बुरशीला आत शिरणं जड जातं. म्हणून रोपवाटिकेत आणि फुटव्यांच्या काळात पानावर डोळ्याच्या आकाराचे, मधे राखाडी ठिपके फार दिसतात आणि पुढे ते आपसूक कमी होतात. खालच्या जुन्या पानांवर तिळाएवढे गोल तपकिरी ठिपके असतील तर तो करपा नव्हे. तो तपकिरी ठिपका. जमीन हलकी आणि पालाश कमी असलं की थकलेल्या पानांवर तो हमखास येतो.

आता गंमत अशी, की पीक जून होत असताना लोंबीची मान मात्र नव्याने, कोवळी बाहेर येते. पानांनी कमावलेली ताकद तिच्या कामाची नाही. रात्री दव, दिवसा बुरबुर पाऊस आणि ढगाळ हवा जुळली की मानेचा करपा येतो आणि दाणे पोचट राहतात. तेव्हा फवारणी करायचीच तर पोटरी फुगून एखाद-दुसरी लोंबी डोकावते तेव्हा करा, दुपार उतरल्यावर. कारण सकाळी भाताची फुलं उमललेली असतात. ज्याच्या लेबलवर भात आणि करपा दोन्ही लिहिलंय तेच बुरशीनाशक घ्या आणि मात्राही लेबलवरचीच ठेवा.

पांढरी लोंबी दिसली तर हलकेच ओढून बघा. अलगद उपटून आली आणि बुडाशी कुरतडलेली असली, तर खोडकिडा. मानेशी काळपट पट्टा असून तिथेच मोडली, तर करपा. दोन्हींची औषधं वेगळी.

युरियाबद्दल थोडं कडक बोलतो. पीक पिवळट वाटलं म्हणून पोटरीत मूठभर जास्त टाकणं म्हणजे जून होऊ पाहणाऱ्या पिकाला पुन्हा कोवळं करणं. हिरवंगार दिसतं खरं, पण करप्याला मेजवानीच.

कडा करपा निराळा, तो जिवाणूचा. शेंड्याकडून पानाच्या कडा नागमोडी पिवळ्या पडतात. असं पान कापून स्वच्छ पाण्याच्या पेल्यात उभं धरा. कापलेल्या टोकातून दुधाळ धागा उतरला तर तोच. बुरशीनाशकाने तो हटत नाही. युरिया थांबवा, त्या खाचरातलं पाणी खालच्या खाचरात सोडू नका. याच्याविरुद्ध जंगली भातातून आलेलं एक्सए२१ हे जनुक 1995 मध्ये शास्त्रज्ञांनी वेगळं केलं. त्याचंही वयाशी नातं आहे: रोप लहान असताना ते दुबळं, पीक वाढेल तसं जोरदार. म्हणजे प्रतिकारक वाण घेतलं तरी रोपवाटिकेत डोळे उघडेच ठेवायचे. आणि आवणीला (लावणीला) रोप उंच झालं म्हणून शेंडे छाटायची आपली सवय सोडा. जिवाणू त्याच जखमेतून शिरतो.

भातानंतर भेंडी घेणाऱ्यांनी हेच वयाचं गणित तिथेही लावावं. हळद्या (पानाच्या शिरा पिवळ्या पाडणारा विषाणू रोग) पहिल्या महिन्यात दिसला तर झाड लगेच उपटा, त्याला फळं धरणारच नाहीत म्हणा ना. निम्मे तोडे झाल्यावर आला तर नुकसान कमी. तेवढ्यासाठी सगळा प्लॉट मोडू नका.