आरोग्यातली विषमता अभ्यासायला निघालात? या चुका टाळा

2019 मध्ये बीडच्या ऊसतोड बायकांच्या गर्भपिशवी काढण्याच्या ऑपरेशनांवरून राज्यभर चर्चा झाली, सरकारनं समिती नेमली. तेव्हापासून माझ्याकडे शिकायला येणाऱ्या मुलामुलींना हा विषय हवा असतो. आनंदच आहे. पण पहिली चूक तारीख ठरवतानाच होते.

सेमिस्टरच्या सोयीनं डिसेंबरात गावात गेलात, तर वस्तीत ओळीनं कुलपं दिसतील. ओसरीवर म्हातारी माणसं आणि दोन-चार शाळकरी पोरं. बाकी घरदार ऊसतोडीला गेलेलं, साखर कारखान्याच्या तळावर, कोप्यांमध्ये म्हणजे तात्पुरत्या झोपड्यांमध्ये. नवखा संशोधक फॉर्मवर ‘घर बंद’ लिहितो, शेजारचं घर घेतो आणि संध्याकाळी नमुना पूर्ण झाला म्हणून खुशीत परततो. ज्यांच्यासाठी आलो, तीच माणसं गळाली हे त्याच्या ध्यानातही येत नाही. बंद घरांची वेगळी यादी करा. आजीला विचारा, कोण गेलंय, कधी परतणार. मग मे महिन्यात पुन्हा या, किंवा थेट तळावर जा.

दुसरी चूक प्रश्नात. ‘गेल्या 15 दिवसांत आजारी होतात का?’ राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणातही 15 दिवसांचाच कालावधी धरतात, म्हणून मुलं तो तसाच उचलतात. उत्तर येतं, ‘नाही.’ तीच बाई उठताना कमरेवर हात ठेवते. तिच्या लेखी आजार म्हणजे अंथरूण धरणं, आणि अंथरूण धरलं की खाडा, खाडा पडला की पैसे कापले. दुखणं अंगावर काढणारीच्या तोंडी ‘आजार’ हा शब्द येणार कसा? फॉर्मवर ‘नाही’ची रांग लागली, तर लोक ठणठणीत आहेत असं समजू नका, प्रश्न बदला. ‘अंगावरून पांढरं जातं का?’ ‘दुखत असताना कामावर गेलात, असं शेवटचं कधी झालं?’ हे बाईनं बाईला, आडोशाला बसून विचारायचं.

स्त्रीरोगतज्ज्ञ डॉ. राणी बंग यांचा गडचिरोलीतल्या दोन गावांचा अभ्यास 1989 मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आला. 650 बायका तपासल्या, 92 टक्क्यांना स्त्रीरोग किंवा लैंगिक आजार निघाले. त्याआधी अशी तपासणी झालेल्या होत्या जेमतेम 8 टक्के. दवाखान्याचं रजिस्टर घेऊन बसलं असतं, तर बाकीच्या दिसल्याच नसत्या. म्हणून नुसत्या ओपीडीच्या आकड्यांवर विषमतेचा प्रबंध लिहायला मी परवानगी देत नाही.

‘अनुसूचित जमाती’ असा एकच रकाना ठेवून मोकळं होऊ नका. कातकरी, कोलाम आणि माडिया गोंड यांची नोंद सरकारदरबारीही अतिअसुरक्षित गट म्हणून वेगळी आहे. सरासरीत ती माणसं बुडतात.

आशाताईंना शेजारी बसवून ‘सरकारी सेवा कशी मिळते?’ असं विचारू नका. त्यांची मुलाखत स्वतंत्र घ्या. त्यांनाही सांगण्यासारखं पुष्कळ असतं.

आणि निष्कर्षात ‘जनजागृतीचा अभाव’ लिहिलेलं दिसलं की मला राग येतो. सरकारच्या महात्मा फुले आरोग्य योजनेत ऑपरेशन मोफत झालं, तरी जिल्ह्याच्या गावाला जायचं भाडं कोण देतं? शेवटची एसटी किती वाजता? तान्हं पोर कुणाकडे ठेवायचं? हे विचारलं नसेल, तर वहीत निष्कर्ष नाही, तुमचा समज आहे. गावात परत जा.

मार्गदर्शकांनाही सांगते, पहिल्याच दिवशी हातात छापील फॉर्म देऊ नका. आठ दिवस मुलांना गावात राहू द्या, पाण्याच्या रांगेत उभं राहू द्या. त्यातूनच त्यांना विचारायचे शब्द सापडतात.

निघण्याआधी एक चौकशी नक्की करा: जवळच्या ग्रामीण रुग्णालयात स्त्रीरोगतज्ज्ञ कोणत्या वारी येतात? मुलाखतीत एखादी म्हणते, ‘तीन महिने रक्त जातंय, पोरी, काय करू?’ तेव्हा पेन बाजूला ठेवायचं आणि तिला तो वार सांगायचा. जमलं तर त्या दिवशी सोबत जायचं.